दाखला न काढलेलं वर्ष

प्रश्नपत्रिकेतली अक्षरं पहिल्यांदा नीट दिसेनात तेव्हा मला वाटलं, छपाईच फिकट झालीय. शेजारच्या बाकावरच्या मुलीकडं बघितलं तर ती मान खाली घालून भराभरा लिहीत होती. बीकॉमचं दुसरं वर्ष, गुलबर्ग्यातलं कॉलेज, उन्हाळ्यानं तापलेला हॉल आणि पुढ्यात कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर. आकडे दिसत होते, पण एक आकडा धरून उजवीकडं सरकलं की ओळच सुटायची. परत डावीकडं यायचं, परत ओळ शोधायची. पहिलीतल्या पोरासारखं मी बोट ठेवून वाचत होते. सरांनी पेपर ओढून घेतला तेव्हा येत असलेली निम्मी गणितं लिहायची राहिली होती.

मी नापास झाले. घरी आळंदला सांगितलं, पेपर अवघड होता. अप्पांचं मार्केटात तुरीचं अडत दुकान. त्यांना कॉस्ट अकाउंटिंगमधलं काही कळत नव्हतं, पण नापास हा शब्द कळत होता. ते म्हणाले, "परत बस. ध्यान देऊन लिही."

ध्यान तर मी लहानपणापासून देत आलेले. दिवेलागणीला माझं धडपडणं ठरलेलं. उंबऱ्याला ठेच, पाण्याच्या घागरीला पाय, अंगणातल्या खाटेवर गुडघा. घरात सगळे म्हणायचे, धांदरट हाय पोरगी. मीही तेच मानून चालले होते. धांदरट माणसानं हळू चालावं, एवढाच त्यावरचा माझा उपाय.

हे धांदरटपणाचं नाही, हे सगळ्यात आधी ओळखलं कॉलेजातल्या आमच्या एका मॅडमनी. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला. एका पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट, आणि स्कूटीला मागं दोन जादा चाकं लावलेली. त्या कन्नडच बोलायच्या, मी इथं मराठीत लिहितेय. एकदा जिन्यात त्या माझ्या मागून येत होत्या. मी भिंतीला हात लावून उतरत होते. खाली आल्यावर त्यांनी थांबवलं.

"प्रत्येक पायरीवर तू आधी पायानं चाचपतेस," त्या म्हणाल्या. "मीही तसंच करते. पण माझं कारण सगळ्यांना दिसतं. तुझं काय आहे?"

"काही नाही मॅडम. घाईत होते."

"घाईतलं माणूस असं उतरत नाही."

त्यांनी डोळे तपासून घ्यायला लावलं. मी घरी फोन करून सांगितलं की चष्मा लागलाय बहुतेक. अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझी आई, दोघं आळंदहून आले. मोठ्या दवाखान्यात एका यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं की दिवा दिसला की दाबायचं. मी वाट बघत बसले. मधेच एखादा दिवा दिसायचा, मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलंय. तसं मी त्या नर्सबाईंना म्हणालेही. त्यांनी माझी हनुवटी परत टेकवली.

डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. नजर कडेनं गेलेली आहे, मधली तेवढी उरलीय. तीही कमी कमी होत जाईल. किती वर्षांत ते सांगता येत नाही, आणि सध्या त्यावर औषध नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

अव्वा म्हणाली, "हे माझे मामाच की."

आमच्याकडं यात नवल नाही. पोरगी बाहेर द्यायच्या ऐवजी आईच्या भावाला द्यायची, घरातली घरात राहते. अव्वानं ते अगदी सहज सांगितलं. डॉक्टर नुसतं हं म्हणाले आणि मग त्यांनी विचारलं, "आणखी मुलं?"

"एक मोठी पोरगी हाय," अप्पा म्हणाले.

"तिलाही आणा तपासायला. आणि हिचा अपंगत्वाचा दाखला काढून घ्या. परीक्षेला लिहायला माणूस मिळेल, जादा वेळ मिळेल. पुढं नोकरीत जागा राखीव असतात."

अप्पांनी मान हलवली. अव्वाला तेव्हा उमगलं असावं की नात्याचा प्रश्न कशासाठी होता.

परतीच्या बसमध्ये अप्पा माझ्या शेजारी बसले होते आणि अव्वा पुढच्या बाकावर खिडकीशी. गाव मागं पडून दोन्हीकडं तुरीची रानं लागली तेव्हा अप्पा हळू आवाजात बोलले.

"अक्काचं लग्न जमायलंय. उमरग्याचं ठिकाण हाय, कापडाचं दुकान हाय त्यांचं. तेवढं होऊ दे. मग काय दाखले काढायचे ते काढ."

"आणि तवर परीक्षा?"

"एक वर्ष गेलं म्हणून काय आभाळ कोसळायलंय का? रक्तातलं हाय म्हणल्यावर कोण करंल तिला? तूच सांग."

आळंद हे असं गाव की बाजारात सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत उमरग्यात आणि अक्कलकोटात पोचतं. सगळीकडं सोयरेच. सरकारी दवाखान्यात दाखल्याच्या रांगेत एक जरी ओळखीचा भेटला असता तर अक्काचं ठिकाण गेलं असतं. अप्पा खोटं बोलत नव्हते. अव्वानं पदर तोंडाला लावला होता. ती आळंद येईपर्यंत मागं वळली नाही.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीत चांगली पास झाली होती, पण पुढं कॉलेज आळंदच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच वर्षी अव्वाला कावीळ झाली. शाळा सुटली ती सुटलीच. घर ती एकहाती चालवायची. तिच्या हातून कधी भांडं पडलेलं मला आठवत नाही. आम्ही दवाखान्यातून आलो तेव्हा ती भाकरी थापत होती. अप्पांनी तिला सांगितलं, डोळं कच्चं हायत म्हणाले, बाकी काय न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी उलटली. तिला तपासायला न्यायची गोष्ट घरात परत निघाली नाही.

मॅडमना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ बुटाच्या पट्ट्याशी चाळा करत बसल्या.

"दाखल्याशिवाय मला तुला लेखनिक देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "जादा वेळही नाही. मी प्राचार्यांना विचारीन, ते विद्यापीठाकडं बोट दाखवतील, विद्यापीठ दाखला मागेल. पण खोलीत येऊन बसायला दाखला लागत नाही. ये."

ती खोली वाचनालयाच्या बाजूला होती. आधी तिथं मोडके बाक ठेवायचे. मॅडमनी भांडून ती अपंग मुलांसाठी मिळवली होती. दारापर्यंत सिमेंटचा उतार बांधून घेतला होता, पण त्या उताराच्या तोंडाशीच कुणीतरी शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या. मॅडम रोज शिपायाकडून त्या हलवून घ्यायच्या आणि पाहुणे यायचे त्या दिवशी त्या परत तिथंच असायच्या. आत दोन कॉम्प्युटर, एक लांब टेबल, आणि बहुतेक वेळा औरादकडचा एक मुलगा. तो एमए करत होता आणि त्याला जन्मापासून अजिबात दिसत नव्हतं. मराठी, दखनी, कन्नड, तेलुगू, कुठल्याही भाषेत चेष्टा करायचा. मॅडमनी मला त्याच्या हवाली केलं.

कॉम्प्युटर वाचून दाखवतो हे मला माहीत नव्हतं. बटण दाबलं की एक यंत्राचा आवाज अक्षर सांगायचा, मग शब्द, मग ओळ. मराठी तर तो असा वाचायचा की हसू यायचं. त्या मुलानं त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला नुसती टिटवीची टिवटिव ऐकू यायची. पहिल्या आठवड्यातच तो म्हणाला, "पडदा बंद कर."

"कामून?"

"अजून बघायलीस तू. डोळ्यानं काम भागतंय तवर कान शिकत न्हाईत."

"मला दिसतंय की अजून."

"दिसतंय तर इथं कशाला आलीस?"

मी उठून बाहेर गेले. वाचनालयाच्या कट्ट्यावर बसून रडले. रागही आला होता. मला त्याच्यासारखं व्हायचं नव्हतं, हे खरं कारण. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि पडदा बंद केला. त्यानं दुसरे हेडफोन पुढं सरकवले.

वर्षभर मी असं शिकत राहिले. वसतिगृहातल्या मुलींना सांगायचे की टायपिंगच्या क्लासला जाते. नापास झालेला पेपर परत दिला. लेखनिक नाही, जादा वेळ नाही. परत नापास, आणि या वेळी त्याच्याबरोबर आणखी एक विषय. उत्तरपत्रिकेची नक्कल मागवून बघितली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जे लिहिलंयस ते बरोबर आहे. लिहिलंच नाहीस तर मार्क कशाचे देणार?" त्या दिवशी मी कॉलेज सोडायचं म्हणून बोलले. त्यांनी समजूत घातली नाही. "सोड," म्हणाल्या, "पण आधी सांग, सोडून काय करणार?" आळंदला जाऊन अक्काबरोबर भाकरी करणार, एवढंच डोळ्यांपुढं आलं.

त्याच सुमाराला उमरग्याचे लोक अक्काला बघायला आले. दुपारची वेळ होती आणि उन्हामुळं बैठकीच्या खोलीचे पडदे ओढलेले. अव्वानं मला बजावलं होतं, "तू आतच बस. फुडं येऊ नको." मी स्वयंपाकघरात बसून होते. बाहेर हसणं-बोलणं चाललं होतं. मग नवऱ्या मुलाच्या आईचा आवाज आला.

"धाकटी कुठाय? कॉलेजात शिकती म्हणता, तिला बी बघू की."

आता नाही म्हणता येत नव्हतं. अव्वानं माझ्या हातात पाण्याचा तांब्या आणि पेला दिला. मी उंबरा नीट ओलांडला. खोलीत एवढा अंधार की मला फक्त खिडकीची कड दिसत होती. आवाजाच्या रोखानं निघाले. त्यांच्याबरोबर एक लहान पोरगं आलेलं, ते जमिनीवर मांडी घालून काहीतरी खेळत बसलं होतं. माझा पाय त्याच्या हातावर पडला. ते किंचाळलं, तांब्या सुटला, पाणी त्याच्या अंगावर आणि सतरंजीवर.

"अगं बाई! आत्ताच फरशी पुसलीय, घसरली असंल," अव्वा म्हणाली.

अप्पा लगेच हसले. "कॉलेजात वाचून वाचून चष्मा लागलाय, अन् बाईसाहेब घालत न्हाईत. फॅशन!"

सगळे हसले. पोराला गूळ देऊन गप्प केलं. मी ओल्या सतरंजीवर उभी होते. अक्का कुठल्या बाजूला बसलीय ते मला दिसत नव्हतं. शोधायला मान वळवली असती तर तेही कुणाच्या लक्षात आलं असतं, म्हणून खाली बघत आत गेले.

ठिकाण पक्कं झालं. लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं. अप्पा खुशीत होते. नवरा मुलगा अधूनमधून अक्काला फोन करायचा. ती थोडकंच बोलायची, पण बोलून झालं की फोन पदराखाली धरून बसायची.

सुट्टीत मी घरी होते तेव्हा एका दुपारी अक्कानं मला माडीवर बोलावलं. पापड वाळत घातलेले. ती सावलीत भिंतीला टेकून बसली होती. "बस इथं. बोलू नको," म्हणाली आणि फोन लावून स्पीकर चालू केला.

"बोला की," तिकडून त्याचा आवाज आला. मागं दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"दुकानाबाहीर या जरा. एक सांगायचं हाय."

तो बाहेर आला असावा, गडबड कमी झाली.

"माझ्या धाकटीची नजर जायलीय," अक्का म्हणाली. "परवा तुमच्यासंगं आलेल्या पोराच्या हातावर पाय पडला तो त्यानंच. डॉक्टर म्हणाले रक्तातलं हाय. घरच्यांनी तुम्हाला सांगितलं न्हाई."

मी अक्काचा दंड धरला. तिनं माझा हात काढून बाजूला ठेवला.

"अन् दुसरं. मला बी दिवस मावळल्यावर दिसत न्हाई. लहानपणापास्नं. मला कुणी तपासलं न्हाई, पण तेच असंल."

मग तो म्हणाला, "तुम्ही हे मला का सांगायलात?"

"तुम्हाला ठावं असाय पाहिजे म्हणून."

"घरात बोलून बघतो."

"बोला," म्हणून तिनं फोन बंद केला.

तो चांगला माणूस होता असं मला आजही वाटतं. आवाजात राग नव्हता, घाबरला होता. पण त्या वेळी माझं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. मी अक्काकडं बघत होते.

"तुला बी?" मी विचारलं. "मग कधी बोलली कामून न्हाईस?"

"तुला सगळे धांदरट म्हणायचे तवा मी बघत हुते की," ती म्हणाली. "मी जपून चालाय शिकले. घागर कुठं, खाट कुठं, सगळं ध्यानात ठिवायची. ह्या घरात जमतंय. त्यांच्या घरात किती दिस जमलं असतं?"

मग ती उठली आणि पापड उलटायला लागली. एकेक पापड उचलताना तिची बोटं आधी कड चाचपत होती. हे मी आयुष्यभर बघत आले होते आणि त्याला तिची टापटीप समजत होते.

उमरग्याहून नकार आला. त्यांनी वाईट शब्द वापरला नाही, मध्यस्थाकडून एवढंच कळवलं की योग नाही. पण बातमी फिरायची ती फिरलीच. अप्पा दुकानातून भरदुपारी घरी आले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. ते ओरडले नाहीत. अक्कापुढं उभं राहून म्हणाले, "तुला कुणी इचारलं हुतं?"

"कुणीच इचारलं न्हाई," अक्का म्हणाली. "म्हणून सांगितलं."

"आता कोण येतंय ह्या दारात? हां? कोण येतंय?"

अव्वा मधे पडली आणि रडायला लागली. माझ्याच पोटाचा दोष हाय, माझ्या पोटाचा दोष, असं घोकत ती भिंतीवर डोकं आपटायला निघाली. अक्कानं तिला मागून धरलं. "अव्वा, मामाला तू दिलीस का स्वतःला? तुला तरी कुणी इचारलं हुतं?" हे ऐकून अप्पा बाहेर गेले. त्यानंतर कित्येक महिने ते आम्हा दोघींशी कामापुरतं सोडून बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताट सरकवायचे, उठायचे.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी आणि अक्का दोघी जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन दाखल्याच्या रांगेत बसलो. आळंदचे ओळखीचे भेटले. त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं. तेच यंत्र, तेच बटण. अक्का बाहेर आली आणि म्हणाली, "दिवे लईच कमी लावतेत की गं हे." मला हसू आलं आणि तेवढ्यातच रडूही. डॉक्टर म्हणाले, हिचं धाकटीपेक्षा थोडं बरं आहे, पण वाट तीच.

दाखला मिळाल्यावर मॅडमनी वेळ घालवला नाही. पहिल्या वर्षाची एक मुलगी लेखनिक म्हणून दिली. लेखनिक आपल्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे तिला त्यातलं काही येत नसतं. तोंडानं गणित सांगायचं कसं, हेच मला येत नव्हतं. खोलीत आम्ही दोघी सराव करायचो. "मधे उभी रेघ ओढ. डावीकडं वर लिही. न्हाई, त्याच्या खाली." तिला घाम फुटायचा, मलाही. अख्खा ताळेबंद मला डोक्यात उभा करून एकेक खण तिला सांगावा लागायचा. एकदा तिनं बेरीज खर्चाऐवजी जमेकडं लिहिली आणि आम्ही दोघी ती चूक शोधत दुपारभर बसलो.

मी पास झाले. वरचे मार्क नव्हते. माझ्याबरोबरच्या मुली तोवर कुठल्या कुठं गेल्या होत्या, काहींची लग्नंही झाली होती.

मुलाखतींची तयारीही मॅडमच करून घ्यायच्या. टेबलापलीकडं बसून त्या मुद्दाम खवचट प्रश्न विचारायच्या. "सोबत घरचं माणूस आलं तर त्याला बाहेर बसवायचं," त्या सांगायच्या, "नाहीतर प्रश्न तुझ्याबद्दल आणि उत्तर त्याच्याकडून घेतात." कॉलेजात एक कंपनी आली, फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम होतं. माझं कन्नड, हिंदी, मराठी तिन्ही चाललं असतं. मला कामाबद्दल एकच प्रश्न विचारला. मग त्यातले एकजण म्हणाले, "बाथरूमपर्यंत तुम्हाला कोण नेणार?"

मी म्हणाले, "कुठं आहे ते एकदा दाखवा. मग मीच जाईन."

ते छान हसले, शाबासकी दिली आणि बोलावलं नाही.

औरादचा तो मुलगा तोवर परीक्षा देऊन बँकेत लागला होता. एकदा खोलीत भेटायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, कसं काय चाललंय. "पगार देतेत," तो म्हणाला. "काम देईनात. दाराजवळ खुर्ची टाकून दिलीय. आल्या-गेल्याला नमस्कार करायलोय." चेष्टेच्या सुरातच म्हणाला, पण त्या दिवशी तो नेहमीसारखा दुसऱ्या भाषेत काही बोलला नाही. कॉम्प्युटरमध्ये वाचून दाखवणारा आवाज घालून द्या म्हणून तो साहेबांच्या मागं लागला होता, आणि साहेब म्हणायचे, तुम्हाला कशाला त्रास.

मला पुढं स्पर्धा परीक्षेतून गुलबर्ग्यातच एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. राखीव जागेतून. पहिले काही महिने माझ्याही वाट्याला खुर्चीच आली. कॉम्प्युटरमध्ये आवाज घालून द्या म्हणून मी रोज तोंडी अर्ज करायचे, साहेब बदलले, परत केला. शेवटी आवाज बसवायला औरादच्या त्याच मित्रानं फोनवरून मदत केली. आता मधली नजर नखाएवढी उरलीय आणि काम मी कानानं करते. हे सगळं झालं ते त्या एका खोलीमुळं. तिचा विचार आला की मला अक्का आठवते आणि मग बरं वाटेनासं होतं.

कारण अक्का आळंदलाच राहिली. लग्नाचं कुणी विचारलं नाही. दोन विधुर आले होते, त्यांना तिनंच नको म्हणून सांगितलं. तिच्या डोळ्यांचं माझ्यामागून त्याच वाटेनं चाललं होतं. मी तिला फोनमधला आवाज शिकवायला गेले की ती म्हणायची, मला आता कशाला. एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा ती उसळली.

"तू कॉलेजात हुतीस म्हणून तुला खोली मिळाली. मॅडम मिळाली. लिहायला पोरगी मिळाली. मी सैपाकघरात आंधळी व्हायले. सैपाकघरात कोण खोली देतंय?"

मी मॅडमकडं गेले. नियमानं ती खोली कॉलेजच्या मुलांची होती, तेही मॅडमनीच मला सांगितलं. मग म्हणाल्या, "बारावीला बाहेरून बसू दे तिला. बाकी मी बघते." अक्कानं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वर्षीही नेलं. तिसऱ्या वर्षी एका रविवारी तिनं आपण होऊन मला विचारलं की पुस्तकं आवाजात मिळतात का.

तिची बारावीची परीक्षा गुलबर्ग्यात झाली. मला तिची लेखनिक होता येत नव्हतं, घरचं माणूस चालत नाही. मॅडमनी एक शाळेतली मुलगी शोधून दिली. अक्का सगळ्यात पास झाली, फक्त इंग्रजी राहिलं. ते तिनं पुरवणी परीक्षेला परत दिलं. त्या दिवशी मला रजा मिळाली होती आणि अप्पा आळंदहून डबा घेऊन आले होते. अप्पा आता थकलेत. आम्ही दोघं शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. त्यांनी तुरीचा भाव सांगितला, मी ऐकला.

पेपर सुटला. अक्का लेखनिक मुलीच्या कोपराला धरून बाहेर आली. मुलीनं तिला आमच्याजवळ सोडलं, नमस्कार केला आणि गेली.

"कसा गेला?" मी विचारलं.

"पोरगी गुणाची हाय. मी सांगितलेलं समदं लिवलं म्हणती. अक्षर कसं हाय मला काय ठावं."

अप्पांनी डबा उघडून तिच्या हातात भाकरी दिली. ती उभ्यानंच खायला लागली. अप्पा तिच्या समोर उभे होते, मागून दुपारचं ऊन. त्यांनी घसा खाकरला.

"कितपत दिसायलंय तुला आता?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे तिला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अक्का चावायची थांबली. तिनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, थोडी डावीकडं, थोडी उजवीकडं.

"तुमचा सदरा दिसायलाय," ती म्हणाली. "त्वांड दिसत न्हाई."

अप्पांनी डब्याचं झाकण लावलं. मग "बरं" म्हणाले, आणि आळंदची गाडी लागलीय का बघायला रस्त्याकडं गेले.